पाण्यातला दोर कुठे बांधायचा?

लखनौहून बोलतोय. विंग फॉइल शिकणारी आपली मुलं विचारतात, "सर, लीश कुठली घेऊ?"

लीश दोन लागतात. विंगची मनगटाला किंवा कमरेला, बोर्डाची पायाला किंवा कमरेला. शिकाऊ माणसाने बोर्डाची कमरेलाच बांधावी, पाय मोकळे राहतात. गुंडाळीची घ्या, पाण्यात लोंबत नाही. फार आखूड मात्र नको; पडल्यावर बोर्ड ताणून अंगावर येतो, आणि त्याच्याखाली फॉइलचं पातं असतं!

समुद्रात सुटलेला बोर्ड वारा पळवतो, तिथे लीश हाच आधार. वाहत्या नदीत हिशेब उलटा. आमच्या गोमतीवर बराज आहे, म्हणून सांगतो. ३० ऑक्टोबर २०२१ च्या, वेल्समधल्या हॅव्हरफर्डवेस्टच्या बंधाऱ्यावरच्या दुर्घटनेत चार पॅडलबोर्डर दगावले. चौकशीत लीशचाही मुद्दा आला. घोट्याची लीश फांदीत अडकली, तर प्रवाहाच्या जोराविरुद्ध वाकून हात तिथवर पोचत नाही. नदीत कमरेचा, झटक्यात सुटणारा पट्टाच हवा.

फौजेत डोळे बांधून रायफल खोलायला-जोडायला लावतात. तसंच किनाऱ्यावर डोळे मिटून पट्टा सोडून पाहा, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. दोन्हींनी जमलं की उतरा.