वरचा कायदा कशाला?

मागच्या बैठकीत एक दादा बोलला, आमच्या गावात आम्हीच सरकार, मग वरचा कायदा कशाला? त्यावर ब्रिटनचं सांगतो.

तिथली ग्रीन पार्टी पण म्हणते, निर्णय खाली लोकांजवळ व्हावा. तरी 2016 ला युरोपीय संघ सोडायचा का, ह्यावर मतदान झालं तेव्हा ब्रायटनच्या त्यांच्या खासदार कॅरोलिन लुकास बोलल्या, सोडू नका. का? लंडनचं गटाराचं पाणी नदीत जायचं. 2012 ला युरोपच्या कोर्टानं त्यावरून ब्रिटन सरकारलाच दोषी धरलं. म्हंजे सरकारच्या वर जाब विचारणारं कोणीतरी होतं. ब्रायटननं राहायचं म्हटलं. देशात मात्र 52 टक्के लोकांनी सोडायचं म्हटलं.

आपुन फारेस्टवाल्याला नुसतं 'आमचं जंगल' बोललो तर तो हलतो का? 2006 चा वनहक्क कायदा काढला की बसतो, खुर्ची पण देतो. तर दाव्याच्या पोचपावत्या सांभाळा. पुढच्या बैठकीला घेऊन या.