संदर्भ : ज्ञानाचे ऋण आणि ज्ञानाची परीक्षा

(संस्थेच्या अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. प्रबंध कसा लिहावा हे सांगण्याचा अधिकार प्राध्यापकांचा. तरीही संदर्भांविषयी बोलण्याचे आम्ही मान्य केले, कारण आमच्या नोकरीचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. व्हाउचर नसेल तर रक्कम कितीही खरी असो, माणूस कितीही प्रामाणिक असो, हिशेब तपासनीस ती नोंद मान्य करीत नाही. लेखनात संदर्भाचे काम तेच आहे.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी भोगनगर येथे चार महापदेश सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले. दुसरा म्हणेल, अमुक ठिकाणच्या संघाकडून ऐकले. तिसरा अनेक थेरांचे नाव सांगेल, चौथा एका थेराचे. चारही वेळी उपदेश एकच आहे : लगेच स्वीकारू नका, लगेच धिक्कारूही नका, ते शब्द नीट समजून घ्या आणि सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहा. सांगणारा किती मोठा आहे यावर खरेखोटे ठरत नाही, ताडून पाहिल्यावर ठरते. संदर्भ द्यायचा तो यासाठी, की ऐकणाऱ्याला ताडून पाहता यावे.

बाबासाहेबांचे लेखन पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या त्यांनी नावानिशी समोर ठेवल्या आणि मग एकेक तपासली. केतकरांचे श्रेय मोकळेपणाने दिले आणि त्यांच्या व्याख्येतला घोटाळाही दाखवला. आंतरविवाहाची बंदी आणि जन्माने मिळणारे सदस्यत्व ही केतकरांनी दोन लक्षणे मानली होती. ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे बाबासाहेबांनी सिद्ध केले. ज्याचे मत खोडायचे त्याचे नाव घ्यायचे, त्याचे म्हणणे पूर्ण मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही त्यांची रीत होती.

आता कुणी विचारील, मग 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात तळटीपा का नाहीत? हा प्रश्न टाळू नये. ग्रंथ १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. ६ एप्रिल १९५६ च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की सामग्री अनेक ग्रंथांतून घेतलेली आहे, आणि अश्वघोषाच्या बुद्धचरिताचा तर खास उल्लेख केला होता. ऋण त्यांनी मानलेच होते. पण ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. १९८० मध्ये भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. मधल्या काळात टीकाकारांना बोलायला जागा मिळाली की हा धम्म बुद्धांचा नसून आंबेडकरांचा आहे.

या आक्षेपाला घोषणांनी उत्तर मिळाले नसते. ते दिले भदन्त आनंद कौसल्यायन यांनी. हिंदी अनुवाद करताना त्यांनी त्रिपिटक व अन्य बौद्ध साहित्य धुंडाळून मूळ आधार शोधले आणि वाचकांपुढे ठेवले. केवढे हे कष्ट! हेच भदन्तजी पुढे आपल्या नागपुरात राहिले आणि १९८८ मध्ये इथेच त्यांचे निर्वाण झाले. पुढे महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये हा ग्रंथ बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा अकरावा खंड म्हणून काढला, आणि १९९५ मध्ये त्याच्या पाली व इतर आधारांची स्वतंत्र पुरवणीही काढली. त्या वेळी संपादनाचे काम नागपूरचेच वसंत मून पाहत होते.

आणि आम्ही काय करतो? कॅलेंडरवर, भिंतीवर, मोबाइलवर वाक्य दिसले आणि खाली बाबासाहेबांचे नाव असले की पुढे पाठवतो. ग्रंथ कोणता, भाषण कुठले, साल कोणते, कुणी विचारीत नाही. फार कशाला, दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. धर्मांतर का केले हे सविस्तर सांगणारे भाषण दुसऱ्या दिवशीचे, १५ ऑक्टोबरचे. नागपूरकरांनी तरी या दोन तारखांची गल्लत करू नये. बाबासाहेब जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालणे हा आदर नव्हे. असे एक खोटे वाक्य उघडे पडले, की विरोधक दहा खऱ्या वाक्यांवरही संशय घेतात.

विद्यार्थ्यांचे तर प्रत्यक्ष नुकसान होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपेक्षा जास्त उचललेला मजकूर आढळला तर कारवाई होते, आणि साठ टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द होते. घरातला पहिला पदवीधर, आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेला. त्याची वर्षे अशी वाया जाऊ नयेत. योग्य आधार देऊन घेतलेले अवतरण चोरीत मोजले जात नाही, हे ध्यानात ठेवा.

म्हणून टिपण काढतानाच, त्याच ओळीत, लेखक, ग्रंथ, खंड, प्रकाशन वर्ष आणि पृष्ठ लिहून ठेवा. नंतर लिहू म्हटले की ते राहते. दुसऱ्याच्या पुस्तकातून अवतरण घेतले असेल तर तसे सांगा. मूळ ग्रंथ वाचल्याचा आव आणू नका. बाबासाहेबांची मराठी भाषणे शासनाच्या अठराव्या खंडाच्या तीन भागांत आहेत. आधी तिथे पाहा. सापडले नाही तर ते वाक्य लिहू नका.

ज्यांना अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांची नातवंडे आज प्रबंध लिहीत आहेत. आमच्या शब्दांची तपासणी इतरांपेक्षा कडक होणार, हे गृहीत धरा. त्या तपासणीला भिऊ नका. पान उघडून दाखवता येईल असेच लिहा. ज्यांच्याकडून घेतले त्यांचे नाव घ्या, म्हणजे उद्या कुणीतरी तुमचेही नाव घेईल.

नमो बुद्धाय! जयभीम!