पाचवे शील आणि घरातील संशय

(सारसोळे येथील उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सभेत मी कायद्यावर बोलावे अशी आपल्या मंडळाची इच्छा होती. घराचे कागद, जातीचे दाखले, विवाहाची नोंदणी असे विषय मला सुचविण्यात आले. ते विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु गेली काही वर्षे माझ्या कचेरीत येणाऱ्या भगिनींच्या बोलण्यात एक निराळाच प्रश्न दडलेला मला आढळतो. आपला नवरा चोरून दारू पीत असावा असा संशय येतो; तेव्हा काय करावे? हा प्रश्न कोणीही उघडपणे विचारीत नाही. म्हणूनच तो मी आज उघडपणे मांडणार आहे.

एक उदाहरण सांगतो. नाव, गाव सांगणार नाही. एक भगिनी बँकेची नोटीस घेऊन माझ्याकडे आली. तिच्या नवऱ्याने कर्ज काढले होते आणि हप्ते थकले होते. नोटीस वाचून होण्यापूर्वीच ती म्हणाली, "वकीलसाहेब, आमचे मालक दारूला शिवत नाहीत. दीक्षा घेतल्यापासून नाहीच." मी दारूविषयी काही विचारले नव्हते. अर्ध्या तासात तिने हेच वाक्य तीनदा उच्चारले. तिसऱ्या वेळी मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणालो, "ताई, तुम्ही हे मला सांगता आहात की स्वतःला?" तेव्हा तिला रडू कोसळले.

मग हळूहळू सर्व बाहेर आले. बाजारातले काम सुटल्यावर घरी यायला त्याला वीस मिनिटे पुरत. हल्ली दोन तास लागत. खिशात नेहमी वेलदोडे असत. घरात शिरताच तो मुलांशी न बोलता तोंड धुवायला जाई. सकाळी त्याचे हात इतके कापत की कपातला चहा सांडे. मग तो दूध आणायला म्हणून बाहेर पडे, आणि परत येई तो हात अगदी स्थिर. दूध मात्र घरात आधीच आलेले असे.

यातील शेवटची गोष्ट तुम्ही नीट ध्यानात ठेवा. संध्याकाळचा वास लपविता येतो, परंतु सकाळचे कापणारे हात लपत नाहीत. ज्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे, त्याची दारू काही तास थांबली की हात कापतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. आणि दोन घोट पोटात गेले की सर्व शांत होते. ज्याला हे होते तो केवळ मौजेखातर पिणारा राहिलेला नसतो, तो आजारी असतो.

तथापि, संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे वकील या नात्याने मला सांगितलेच पाहिजे. हात कापणे हे मधुमेहात रक्तातील साखर उतरल्यानेही होते. उशिरा येणे, पैसे न पुरणे, चिडचिड करणे यांच्यामागे सुटलेली नोकरी, सावकाराचा तगादा किंवा मनाचा आजारही असू शकतो. म्हणून पहिले काम आरोप करण्याचे नाही, तर पाहण्याचे आहे. एका वहीत तारीख, वेळ आणि घरातून गेलेली रक्कम एवढेच लिहीत जा. तर्क लिहू नका, पाहिले तेवढेच लिहा. खिसे चाचपू नका आणि मुलांना बापाच्या पाळतीवर धाडू नका. ज्या मुलाला बापाचे तोंड हुंगायला शिकविले जाते, त्याचे बालपण त्याच दिवशी संपते.

आता आपल्या समाजापुरता एक कटू विचार मांडतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यांतील सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु याच अभिमानापायी आपल्यातील पिणारा मनुष्य इतरांपेक्षा अधिक लपवितो, कारण त्याला विहारात तोंड दाखवायचे असते. पाचवे शील मोडले हे झाकण्यासाठी तो रोज चौथे शील मोडतो आणि असत्य बोलतो. त्याची पत्नी घराची अब्रू राखण्यासाठी तेच असत्य शेजाऱ्यांना, सासूला, मुकादमाला सांगते. एकाच्या व्यसनात सारे घर असत्यवादी होते. बंधूंनो, प्रतिज्ञा ही मनुष्याला उभे करण्यासाठी असते. ती त्याला लपायला भाग पाडीत असेल, तर दोष प्रतिज्ञेचा नव्हे. पडलेल्याला हसणाऱ्या आपल्या दृष्टीचा आहे.

भगवंतांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थधर्म सांगितला. त्यात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत : धनाचा नाश, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. यांत पारलौकिक भय एकही नाही. सहाही तोटे याच घरात, याच जन्मी दिसणारे आहेत. त्याच उपदेशात पतीची पत्नीविषयीची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत तिचा मान राखणे आणि घरातील अधिकार तिच्या हाती सोपविणे ही दोन आहेत. ज्या घरात पगाराचा आकडा पत्नीला ठाऊक नसतो, त्या घरात पाचव्या शीलाच्या आधीच हे कर्तव्य मोडलेले असते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असा आशय सांगितला होता. तो पुष्कळांना कठोर वाटतो. मला त्यात कायदेपंडिताची दृष्टी दिसते. स्त्रीने दारूच्या परिणामांवर स्वतःच्या कष्टाचे पांघरूण घालू नये, हे त्यामागचे सूत्र होय. आजच्या भाषेत सांगायचे तर, तो कामावर गेला नाही तर त्याला ताप आला आहे असे तुम्ही सांगू नका. त्याची उधारी तुम्ही फेडू नका. त्याने केलेल्या घाणीवर पहाटे उठून पाणी टाकू नका. हा सूड नव्हे. परिणाम त्याला दिसल्याशिवाय त्याला आजार दिसणार नाही.

मग बोलावे केव्हा आणि कसे? तो प्यालेला असताना कदापि नाही. सकाळी, शुद्धीत असताना, मुलांच्या माघारी, वही समोर ठेवून बोला. "तुम्ही दारुडे आहात," असे म्हणू नका. "या महिन्यात इतक्या रात्री तुम्ही दहानंतर आलात, इतके रुपये कमी पडले, मला भीती वाटते, आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ," असे म्हणा. तो पहिल्या वेळी नाकारील. नाकारणे हे या आजाराचेच लक्षण आहे. तुम्ही न ओरडता तेच पुन्हा सांगा. आणि त्याचा हात उगारला जाईल असे भय असेल, तर एकटीने बोलूच नका. जवळचे, विश्वासाचे माणूस बरोबर घ्या.

दोन गोष्टी मात्र करू नका. त्यांनी जीव जाऊ शकतो. पहिली : नकळत चहात किंवा भाजीत दारू सोडविण्याचे औषध घालू नका. डायसल्फिराम नावाचे औषध पोटात असताना मनुष्य दारू प्याला, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. दुसरी : रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकाएकी दारू बंद करू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम होऊन तो भलतेच बरळू लागतो. हे संकट रुग्णालयात औषधांनी टाळता येते. आणखी एक सांगतो. लपून पिणारा मनुष्य जिथे कोणी ओळखीचे भेटणार नाही अशा ठिकाणची स्वस्त दारू शोधतो. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, हे विसरू नका.

दारूचे व्यसन हा आजार आहे ही केवळ दयेची भाषा नव्हे, ती कायद्याची भाषा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारूच्या अतिसेवनाशी निगडित अवस्थांचा समावेश आहे. रुग्णाची माहिती गुप्त राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तेव्हा "लोकांना कळेल" या भयाने उपचार टाळण्याचे कारण नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण केंद्र आहे. अमेरिकेत १९३५ साली निघालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही व्यसनमुक्तांची चळवळ भारतात १९५७ पासून आहे; तिच्या सभांना फी नाही आणि तेथे आडनाव विचारीत नाहीत. कुटुंबीयांसाठी अल्-अनॉनच्या वेगळ्या सभा भरतात. १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आता कायद्याचे चार शब्द. बौद्ध विवाहांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. नुसती दारू पिणे हे त्यात घटस्फोटाचे स्वतंत्र कारण नाही. मात्र त्यापायी होणारा छळ हा क्रूरता ठरू शकतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा केवळ मारहाणीपुरता नाही. घरखर्चाला पैसे न देणे, तुमचे स्त्रीधन विकणे हाही त्यात आर्थिक छळ मानला आहे. घर तुमच्या नावावर नसले, तरी ज्या घरात तुम्ही संसार केलात त्यात राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. नवऱ्याने एकट्याने काढलेल्या कर्जाला, तुम्ही कर्जदार किंवा जामीन म्हणून सही केलेली नसेल, तर तुम्ही जबाबदार नाही. म्हणून न वाचता सही करू नका. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. संकटात १८१ हा क्रमांक लावा. आणि पत्नी चोरून पीत असेल, तर पतीनेही तीच वही, तोच संयम आणि तोच डॉक्टर यांचा मार्ग धरावा. आजार स्त्रीपुरुष पाहत नाही.

त्या भगिनीचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. तिने कर्जाच्या कोणत्याही कागदावर सही केली नव्हती, एवढा दिलासा मी तिला त्याच दिवशी देऊ शकलो. नवरा तिसऱ्यांदा विचारल्यावर दवाखान्यात गेला. पाच महिने त्याने दारू सोडली, एकदा घसरला, पुन्हा गेला. पुन्हा घसरणे या आजारात पुष्कळांच्या वाट्याला येते. तो शेवट नव्हे. कर्जाचे हप्ते अद्याप चालू आहेत. परंतु मागच्या भेटीत ती मला म्हणाली, "आता मला कोणाशी खोटे बोलावे लागत नाही." माझ्या मते त्या घराचे धम्माचरण तेथून पुन्हा सुरू झाले.

विहारातील पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. उद्या एखादा उपासक येऊन म्हणेल की माझ्याकडून पाचवे शील मोडले. त्याचे नाव सभेत घेऊ नका, त्याला पंगतीतून उठवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन जा. ज्या विहारात खरे बोलता येते, त्याच विहारात शील पाळता येते.

जयभीम!