थंडी परवडली, अंधार नको
थंडीत माहुलीचा डोंगर दिसू लागण्याआधीच आसनगावची पोरं महामार्गाच्या कडेनं धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. त्याची ही तयारी. आई म्हणते, 'स्वेटर घाल.' घालावाच. आधी दहा मिनिटं भरभर चालावं, अंग तापलं की तो कमरेला बांधावा. थांबल्यावर घामेजलेला सदरा बदलून पुन्हा चढवावा. पण आपल्याकडे थंडीपेक्षा अंधार घातक. काळा स्वेटर ट्रकवाल्याला दिसत नाही. पांढरे कपडे घाला, वाहनं समोरून येताना दिसतील अशा बाजूनं धावा, कानात गाणी नकोत. त्याहून बरं, गावातलं मैदान गाठा. वर्दी मिळेल तेव्हा मिळेल. आज पोर धडधाकट घरी यायला हवं.