चुंबक : एक कामाचं, दोन घाताचे
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी कोनला राहायला आलो तेव्हा मी तळोजा एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. मोटारी उघडायच्या, दुरुस्त करायच्या, हेच काम. म्हणून सेक्रेटरी म्हणाले, "काका, चुंबकावर दोन शब्द बोला." आधी हसू आलं. मग नातवाची आठवण झाली आणि हो म्हटलं.

आधी चांगलं सांगतो. फ्रिजच्या दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी असते, म्हणून दार घट्ट बसतं. पर्सचं बटण, मोबाईलचा स्पीकर, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, सगळीकडे चुंबक आहे. आपल्या वॉचमनच्या हातून चाव्यांचा जुडगा खालच्या टाकीत पडला होता, आठवतं? दोरीला चुंबक बांधून आपण तो वर काढला. चाव्या पितळेच्या, त्या चिकटल्या नसत्या. कडी लोखंडाची होती म्हणून जमलं!

पण पूर्वीचं काळं चुंबक वेगळं आणि आजचं चकचकीत निओडिमियमचं वेगळं. हे एवढंसं असतं, पण ओढ जबरदस्त. दोन एकमेकांवर आदळले तर मध्ये बोट चेंगरतं, कपची उडून डोळ्यात जाते.

आता नातवाचं. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. ताईच्या चुंबकाच्या मण्यांतला मणी त्याने गिळला. घरात धावपळ झाली. मी शहाणा म्हणालो, "घाबरू नका, केळी भरवा, सकाळी पडून जाईल." नाणं गिळलं की आपण तेच करतो ना? रात्री उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं. पहाटे हॉस्पिटल गाठलं. एक्स-रेमध्ये एकच मणी दिसला. डॉक्टरांनी बाजूने दुसरा काढला, तेव्हा कळलं, दोन आहेत. एक आतड्याच्या एका वळणात, दुसरा दुसऱ्या वळणात. दोघांनी एकमेकांना ओढलं आणि मधलं आतडं चिमटलं गेलं. तिथे भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं. आज तो समोर बसलाय, देवाची आणि डॉक्टरांची कृपा.

जन्मभर चुंबक हाताळूनही माझ्या लक्षात आलं नाही, की चुंबकाची ओढ मधल्या वस्तूला थांबत नाही. कागद असो, लाकूड असो की आतडं. म्हणून सांगतो, मुलाने चुंबक गिळल्याचा नुसता संशय आला तरी केळी नाही, वाट पाहणं नाही. सरळ हॉस्पिटल. "चुंबक आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि एमआरआय करू देऊ नका.

एमआरआय यंत्र म्हणजे महाकाय चुंबकच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात त्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि पेशंटबरोबर आलेल्या तरुणाचा जीव गेला.

चुंबकावर उपाय एकच, अंतर. जवळ त्याची ओढ प्रचंड, पण जरा लांब गेलं की झपाट्याने कमी होते. हे जाणणारे शास्त्रज्ञ आपल्या शेजारीच आहेत. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवते. आधी हे काम कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमाप बिघडू नये म्हणून ते अलिबागला हलवलं. त्यांनी गाव बदललं. आपल्याला फक्त कपाटाचा वरचा कप्पा वापरायचाय.

पेसमेकरवाल्या आजी-आजोबांनी चुंबक आणि चुंबकवालं मोबाईल कव्हर छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवावं, शर्टाच्या खिशात नको. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या. आणि मीटरला चुंबक लावून बिल कमी करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ती वीजचोरी आहे, तुरुंगवास होऊ शकतो.

आज घरी गेल्यावर एकच करा. मुलांच्या खेळण्यांचा डबा उपडा करा, चकचकीत मणी असतील तर मोजा. एखादा कमी भरला तर सापडेपर्यंत झोपू नका.