पाटी आणि पत्ता

‘सी’ ही संगणकाची भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. भाषा आटोपशीर खरी. परंतु तिच्यातील दोन विधाने इतकी सारखी दिसतात की विद्यार्थी त्यांना एकच मानून चालतो. पहिल्यात नावापुढे चौकटी कंस घालून अक्षरांचा ॲरे मांडायचा आणि त्यात अवतरणचिन्हांतील ‘पणजी’ हा शब्द भरायचा. दुसऱ्यात कंसाऐवजी नावाआधी तारका घालून पॉइंटर करायचा आणि त्याला तोच शब्द द्यायचा. पडद्यावर दोहोंतून ‘पणजी’च उमटते.

मग भेद तो कोणता? ॲरे ही आपल्या मालकीची पाटी होय. शब्द तीवर उतरवून घेतलेला असतो. हवे ते अक्षर पुसावे, दुसरे लिहावे. पॉइंटर ही केवळ पत्त्याची चिठ्ठी. शब्द अन्यत्र कोरलेला असतो. मापून पाहिले तरी हे कळते. यूटीएफ-८ पद्धतीत ‘पणजी’ची चार चिन्हे प्रत्येकी ३ बाइट घेतात, शेवटचे शून्य धरून ॲरे भरतो १३ बाइटांचा. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर चिठ्ठी मात्र ८ बाइटांचीच, मग शब्द केवढाही असो.

चिठ्ठीवर दुसरा पत्ता खुशाल घालावा. परंतु पत्त्यावर जाऊन कोरीव अक्षर बदलू गेल्यास काय घडेल, याची हमी १९८९ चे प्रमाण देत नाही. जुन्या टर्बो सी वर असा बदल मुकाट्याने खपून जातो. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे बोलून कोसळतो, आणि मुलगा काकुळतीने सांगतो, “सर, प्रयोगशाळेत तर चालत होता हो!” त्याचे म्हणणे खोटे नसते, पण परीक्षेतील गुण जातात ते जातातच. शिवाय सारखे दिसणारे दोन शब्द कंपायलर एकाच जागी ठेवू शकतो. तेव्हा एकात केलेला बदल दुसऱ्यातही उमटावयाचा.

कंपायलर आधीच का अडवीत नाही? ‘कॉन्स्ट’ हा शब्द प्रमाणात आला तोवर असंख्य प्रोग्रॅम लिहून झाले होते. ते मोडू नयेत म्हणून ही सवलत राहिली. मला तरी ती महागात पडलेली वाटते. जीसीसी कंपायलरने कोरीव शब्द बदलू देणारी आपली जुनी सोय २००५ मध्ये काढून टाकली. विद्यार्थ्याने पॉइंटर मांडताना आरंभीच ‘कॉन्स्ट’ लिहावे. मग चूक प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच, ओळीच्या क्रमांकासह, समोर येते.