दिव्यांना दिलेला निरोप
रंगमंचावरचे दिवे जी भाषा ऐकतात तिचे नाव डीएमएक्स ५१२. १९८६ साली ठरलेल्या या पद्धतीत एकाच केबलमधून ५१२ चॅनलचे निरोप जातात. एका प्रयोगाला मी ती केबल साधा जोड देऊन दोन्ही विंगांकडे फोडली. मृत्यूच्या प्रवेशात दिवे लुकलुकू लागले, प्रेक्षक हसले. नटीने डोळे मिटले, ते मी विसरलो नाही.

केबल फोडायला स्प्लिटरच हवा. तो प्रत्येक फाट्याला निरोप नव्याने देतो. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर हवा, नाहीतर निरोपाचा प्रतिध्वनी उलटतो. दोन कन्सोल एकत्र आणतो तो मर्जर. तिथे बहुधा मोठा आकडा जिंकतो. म्हणून अंधार करायचा तर दोघांनाही शून्यावर यावे लागते. हे तालमीतच ठरवा.